ब्रेल पाटी लावली, पण ती वाचता येते का? दुकान-ऑफिससाठी ब्रेल आणि उठावाच्या पाट्यांची पूर्ण माहिती



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या ट्रेनिंग हॉलच्या दारावरची एक पाटी दाखवली होती. बरेच जण म्हणाले, "सर, माप सांगा, कुठे बनवायची सांगा, कायद्याने लागते का सांगा." व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पण त्याआधी मी स्वतः काय घोळ घातला ते सांगतो, कारण या विषयात मी आधी चुकलो आणि मग शिकलो.

माझी चूक

माझं खाली स्टेशनरीचं दुकान आहे आणि त्याच कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर हॉल. हॉल नवीन केला तेव्हा हौसेने ब्रेल पाट्या लावून घेतल्या. साध्या छापील पाट्या आमच्या नेहमीच्या पाटीवाल्याकडून, आणि ब्रेलच्या पारदर्शक पट्ट्या वेगळ्या मागवल्या. पट्ट्या आल्या, कारागिराने एका दुपारी सगळ्या चिकटवल्या. मी फोटो काढले, चॅनलवर टाकले आणि अभिमानाने सांगितलं, "आपल्या हॉलमध्ये आता ब्रेल पाट्या आहेत."

दोन महिन्यांनी एक मुलगा बॅचला आला. पूर्ण अंध. घरगुती फराळाचं पॅकिंग करून विकायचं त्याच्या डोक्यात होतं. पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो एकटाच उठला, भिंतीला हात लावत टॉयलेटपर्यंत गेला, पाटी वाचली आणि आत गेला. ते महिलांचं होतं. आतून आरडाओरडा झाला, बाहेर माणसं जमली. एकाने तर "दिसत नाही का?" असंही विचारलं. नंतर त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असेल, पण बोलून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. मी फोन केला. मला वाटलं होतं तो म्हणेल, माझीच चूक झाली. तो म्हणाला, "सर, पाटी नसती तर मी कुणालातरी विचारलं असतं. पाटी होती, मी वाचली, त्यावर 'पुरुष' लिहिलं होतं."

मी जाऊन बघितलं. कारागिराने दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली होती. डोळ्यांना दिसणारं नाव बरोबर, बोटांना लागणारं नाव उलटं. दोन महिने आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच ब्रेल येत नव्हतं.

तो मुलगा परत आला, कोर्स पूर्ण केला, ते पुढे सांगतो. पण त्या फोननंतर मी एक गोष्ट पक्की केली. चुकीची पाटी ही नसलेल्या पाटीपेक्षा वाईट असते. नसली तर माणूस विचारतो. असली तर विश्वास ठेवतो.

कायद्यात नेमकं काय आहे?

मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आपल्या कामाची कलमं एवढीच लक्षात ठेवा:

१. सार्वजनिक इमारत म्हणजे काय: सरकारी असो किंवा खाजगी, जिथे लोकांची ये-जा आहे अशी इमारत. व्याख्येत व्यापारी वापर स्पष्ट लिहिलेला आहे. "माझी तर छोटी प्रोप्रायटरशिप आहे" असं म्हणून इथे सुटता येत नाही. इमारत कुणाच्या मालकीची यापेक्षा तिथे काय चालतं हे बघितलं जातं.

२. कलम ४४, नवीन बांधकाम: सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाचा नकाशा मंजूर करायचा नाही, आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवट्याची परवानगी द्यायची नाही.

३. कलम ४५, जुन्या इमारती: जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य करायच्या.

४. कलम ४६, सेवा देणारे: सरकारी किंवा खाजगी, सेवा देणाऱ्या प्रत्येकाने आपली सेवा सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे द्यायची. त्यासाठी मुदत दोन वर्षांची.

५. कलम ८९, दंड: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत. पुन्हा तीच चूक केली तर कमीत कमी पन्नास हजार आणि जास्तीत जास्त पाच लाख रुपये.

आता तुम्ही म्हणाल, "सर, पण कुणी तपासायला तर येत नाही." मराठी पाट्यांचं आठवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. तेव्हाही खूप जण "बघू, बघू" म्हणत होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग पाटीवाल्यांकडे रांगा लागल्या. घाईत केलेल्या पाट्यांचा दर्जा आणि त्यांचे भाव दोन्ही आपण बघितले.

सुगम्यतेच्या बाबतीतही वारं त्याच दिशेने आहे. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि नियम १५(१) मात्र तिला शिफारशीसारखं वागवतो, हे जुळत नाही. जे किमान पाळायलाच हवं ते वेगळं काढून त्याचे सक्तीचे नियम करा, असे निर्देश न्यायालयाने केंद्र सरकारला दिले. थोडक्यात, "ही फक्त मार्गदर्शक तत्त्वं आहेत" ही पळवाट न्यायालयाने बंद केली.

तांत्रिक मापांसाठी केंद्राची २०२१ ची सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ हे दोन मुख्य दस्तऐवज. नवीन बांधकाम करत असाल तर आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत विचारा, "सुगम्यतेची यादी नकाशात घेतली का?" नंतर फोडाफोडी करण्यापेक्षा कागदावरची रेघ बदलणं स्वस्त पडतं.

कुठे पाटी हवी आणि कुठे नको?

सगळीकडे ब्रेल लावायचं नाही. साधा विचार करा: ही जागा कायमची आहे का, आणि माणूस इथे पोचल्यावर हात लावून खात्री करेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर पाटी हवी.

हव्यात अशा जागा:

- टॉयलेटची दारं (महिला, पुरुष, दिव्यांग)
- लिफ्टच्या बाहेरचं बटण, आतलं पॅनेल आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या चौकटीवर मजल्याचा अंक
- जिन्याच्या कठड्यावर किंवा जिन्याच्या दाराशी मजल्याचा अंक
- ऑफिस, केबिन, हॉल यांचे क्रमांक आणि नावं
- रिसेप्शन किंवा कॅश काउंटर
- बाहेर पडायचा आणि आपत्कालीन मार्ग

नको अशा जागा: दुकानाच्या वरचा मोठा नावाचा बोर्ड (तिथे हातच पोचत नाही), ऑफरचे स्टँडी, आठवड्याभराची जाहिरात. हॉटेलवाल्यांनी मेन्यू भिंतीवर ब्रेलमध्ये लावायची गरज नाही. त्याची वेगळी ब्रेल प्रत ठेवा किंवा वेटरने वाचून दाखवावा.

ब्रेल म्हणजे काय, पाच मिनिटांत

हा भाग वगळू नका. एवढं आलं की तुमची फसवणूक होणार नाही.

ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या एका घरात बसतं. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. यातले कुठले ठिपके उठावाचे आहेत त्यावरून अक्षर ठरतं. ही पद्धत फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांनी तयार केली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आपल्याकडे १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारली गेली. मराठी त्यातच लिहितात. आवाज सारखा तर ठिपके सारखे, हे तिचं सूत्र. म्हणून मराठी 'क' आणि इंग्रजी 'के' यांचे ठिपके एकच आहेत: १ आणि ३.

आता माझ्या चुकीवरचा उपाय. दोन अक्षरं पाठ करा:

- म: ठिपके १, ३, ४. म्हणजे डावीकडे वरचा आणि खालचा, मधला नाही. उजवीकडे फक्त वरचा.
- प: ठिपके १, २, ३, ४. म्हणजे डावीकडे तिन्ही. उजवीकडे फक्त वरचा.

टॉयलेटच्या पाटीवर पहिल्या घरात डावीकडे तीन ठिपके असतील तर 'पुरुष', मधला गायब असेल तर 'महिला'. एका ठिपक्याचा फरक. हे मला आधी माहीत असतं तर त्या मुलावर ती वेळ आली नसती.

दुसरं, अंक. अंकाच्या आधी अंकाचं चिन्ह येतं: ठिपके ३, ४, ५, ६. म्हणजे उजवीकडे तिन्ही आणि डावीकडे फक्त खालचा. त्यानंतर १ म्हणजे एकच ठिपका (१), २ म्हणजे वर-खाली दोन (१, २), ३ म्हणजे वरचे दोन शेजारी-शेजारी (१, ४). आता गंमत बघा. ही पट्टी उलटी चिकटवली तर अंकाच्या चिन्हाचा 'प' होतो! लिफ्टमध्ये मजल्याच्या अंकाआधी उजवीकडची उभी ओळ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. डावीकडची भरलेली दिसली तर पट्टी उलटी आहे.

तिसरं, मराठीचा खास धोका. 'महिला' हा शब्द ब्रेलमध्ये पाच घरांचा: म, ह, इकार, ल, काना. लक्ष द्या, इकार 'ह' च्या नंतर येतो. आपण देवनागरीत वेलांटी अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने लिहितात. बऱ्याच फ्लेक्सवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट आहेत, ज्यात वेलांटी आधी टाईप होते. तो मजकूर तसाच ब्रेल सॉफ्टवेअरमध्ये टाकला की कचरा बाहेर येतो. माझ्या हॉलच्या मुख्य पाटीवर हेच झालं होतं. म्हणून मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टाईप करून द्या, आणि आलेली घरं मोजा.

मापं: इथे हौस चालत नाही

छापील अक्षर आपण भिंत बघून लहान-मोठं करतो. ब्रेल तसं करता येत नाही, कारण ते बोटाच्या टोकाखाली एका वेळी एक घर असं वाचलं जातं. मोठं केलं की अक्षर बोटाच्या बाहेर जातं, लहान केलं की ठिपके एकमेकांत मिसळतात.

पाटी बनवणारे कारागीर अनेकदा अमेरिकेच्या २०१० च्या मानकातली मापं धरतात. ती अशी:

- एका घरातल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर: २.३ ते २.५ मिमी
- एका घरातल्या ठिपक्यापासून शेजारच्या घरातल्या त्याच ठिपक्यापर्यंत: ६.१ ते ७.६ मिमी
- ठिपक्याची उंची: ०.६ ते ०.९ मिमी
- ठिपक्याचा तळाचा व्यास: १.५ ते १.६ मिमी
- ठिपक्याचा आकार: घुमटासारखा गोल. चपटा नको, टोकदार नको.

घरात व्हर्नियर नसेल तर साधी पट्टी घ्या. 'महिला' हा पाच घरांचा शब्द साधारण तीन सेंटीमीटरच्या आसपास बसला पाहिजे. सहा-सात सेंटीमीटर असेल तर कुणीतरी सजावटीसाठी ताणला आहे.

फक्त ब्रेल पुरत नाही. ही दुसरी मोठी गैरसमजूत. ज्यांची नजर वयात आल्यावर गेली, अशा अनेकांना ब्रेल येत नाही. साखरेमुळे साठीत नजर गेलेले काका ब्रेल शिकतीलच असं नाही, पण त्यांना 'अ' कसा दिसतो हे माहीत आहे. त्यांच्यासाठी अक्षरं आणि चिन्हं उठावाची हवीत. त्याच मानकात उठाव कमीत कमी ०.८ मिमी आणि अक्षराची उंची साधारण १६ ते ५१ मिमी सांगितली आहे. देवनागरीत मात्रा-वेलांट्या असतात, म्हणून फार लहान जाऊ नका. सुलेखनाचा, वळणावळणाचा फॉन्ट नको. साधा, सारख्या जाडीचा घ्या.

आणि तिसरा गट सगळ्यात मोठा: ज्यांना थोडं दिसतं. त्यांच्यासाठी रंगातला फरक महत्त्वाचा. गडद निळ्यावर पांढरं, काळ्यावर पिवळं असं चालतं. स्टीलवर चंदेरी अक्षरं, काचेवर पांढरी अक्षरं हे फोटोत छान दिसतं, पण वाचता येत नाही. पाटी मॅट फिनिशची घ्या. चकचकीत पाटीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की तुम्हा-आम्हालाही मान वाकडी करावी लागते.

पाटी लावायची कुठे?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

- दारावर नाही, दाराशेजारच्या भिंतीवर. दार उघडं असेल तर पाटी आत जाते. आणि पाटी वाचत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी दार उघडलं तर?
- मुठीच्या बाजूला, बिजागरीच्या बाजूला नाही. सगळीकडे एकच बाजू ठेवली की हाताला सवय होते.
- उंची: अमेरिकेच्या मानकात मजकूर जमिनीपासून साधारण ४ ते ५ फुटांच्या दरम्यान येतो. नवीन बांधकामात आर्किटेक्ट आपल्याकडच्या नियमावलीप्रमाणे उंची देतील, ती पाळा. सगळ्या पाट्या एकाच उंचीवर हव्यात, हे मात्र कधीच चुकवू नका.
- समोर काही नको. कचऱ्याचा डबा, कुंडी, पाण्याचा जार, चपलांचा स्टँड, यातलं काहीही पाटीखाली ठेवलं की पाटी असून नसल्यासारखी. आमच्याकडे पाटीखाली अग्निशामक सिलिंडर होता!
- काचेच्या किंवा फ्रेमच्या आत नको. हसू नका, मी एका ठिकाणी ब्रेल पाटी काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली बघितली आहे.

सगळ्यात हास्यास्पद प्रकार म्हणजे *छापलेलं* ब्रेल. डिझायनरने इंटरनेटवरून ठिपके घेतले, फ्लेक्सवर काळ्या रंगात छापले. हात फिरवला तर सपाट. ते ब्रेलचं चित्र झालं, ब्रेल नाही. पाटी हातात आली की डोळे मिटून बोट फिरवा. ठिपके मोजता आले पाहिजेत.

पायाखालच्या पाट्या

रेल्वे स्टेशनवर पिवळ्या उठावाच्या फरश्या बघितल्या असतील. त्याही एक प्रकारच्या पाट्याच आहेत, पायाने आणि काठीने वाचायच्या. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या.

त्यांचे दोनच प्रकार आहेत. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे 'या दिशेने चला'. गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे 'थांबा, पुढे जिना, उतार किंवा दार आहे'. बरेच गवंडी डिझाइन म्हणून दोन्ही मिसळून बसवतात. म्हणजे रस्त्यावर 'थांबा' आणि 'चला' एकाच वेळी लिहिल्यासारखं झालं. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये बसवणार असाल तर गवंड्याच्या शेजारी उभे राहा. आणि बसवल्यावर त्यावर दुचाकी, 'सेल' चा स्टँडी किंवा भाजीची क्रेट ठेवू देऊ नका.

पाटीवाल्याला ऑर्डर कशी द्यायची?

मी आता असं करतो, तुम्हीही करा:

१. यादी काढा. इमारतीच्या गेटपासून तुमच्या काउंटरपर्यंत आणि काउंटरपासून टॉयलेटपर्यंत चालत जा. प्रत्येक ठिकाणी लिहा: मजकूर काय, भिंत कुठली, मूठ कुठल्या बाजूला.

२. मजकूर छोटा ठेवा. 'पुरुषांसाठी स्वच्छतागृह' पेक्षा 'पुरुष' पुरेसं आहे. बोटांनी वाचायला वेळ लागतो.

३. एकसंध पाटी मागा. छापील अक्षर आणि ब्रेल एकाच तुकड्यावर. वेगळी पट्टी म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण. माझा अनुभव समोर आहेच.

४. मटेरियल जागेप्रमाणे घ्या. आतल्या जागेत ॲक्रिलिक चालतं. ज्यात ठिपक्याच्या जागी भोक पाडून छोटे मणी दाबून बसवतात ते जास्त टिकाऊ. यूव्ही प्रिंटिंगमध्ये शाईचे थर चढवून उठाव देतात, तिथे उंची नीट आली का ते बघा. उन्हापावसाच्या जागी स्टिकर टाळा, कडा सुटतात.

५. आधी एकच नमुना. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. एक पाटी बनवून घ्या, तपासा, मग बाकीच्या.

६. ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. हा टप्पा वगळायचा नाही. तुमच्या जिल्ह्यातली अंधशाळा, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड म्हणजे 'नॅब' ची जवळची शाखा, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, यांच्याकडे चौकशी करा. मराठीबरोबर इंग्रजी ब्रेल घ्यायचं असेल तर त्यात पूर्ण स्पेलिंगचा आणि संक्षिप्त असे दोन प्रकार असतात. कुठला ठेवायचा तेही त्यांनाच विचारा. आणि हे काम फुकट मागू नका. तुम्ही सीएला पैसे देता ना?

७. लावल्यानंतर पुन्हा तपासा. पाटी बरोबर असूनही जागा चुकू शकते. शेवटची तपासणी भिंतीवर, टेबलावर नाही.

गाळा भाड्याचा असेल तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. व्यवहाराने बघा. तुमच्या गाळ्याच्या आतल्या पाट्या तुम्ही लावा, तो खर्च मोठा नाही. लिफ्ट, जिना, सामायिक टॉयलेट हे मालकाचं किंवा सोसायटीचं काम. त्यांना तोंडी सांगू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. नवीन करार करत असाल तर त्यातच एक ओळ टाका, 'सामायिक जागेतील सुगम्यता फलकांची जबाबदारी मालकाची राहील.' आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पत्रावर दोन महिने काही झालं नाही. मग मी सर्वसाधारण सभेत दंडाचं कलम वाचून दाखवलं, आणि पुढच्या महिन्यात लिफ्टचं काम झालं.

धंद्याला याचा काय उपयोग?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद आहे, त्यातले सुमारे ५० लाख दृष्टीचे. पण मी तुम्हाला "एवढे ग्राहक वाढतील" असं सांगणार नाही. तसा हिशोब मी केलेला नाही आणि खोटा आकडा देणं मला जमणार नाही. मला एवढंच दिसलंय की, ज्या दुकानात माणूस कुणाचा हात न धरता आत जाऊन बाहेर येऊ शकतो, ते दुकान तो लक्षात ठेवतो. त्याच्या घरचेही ठेवतात. आणि ठळक, मॅट, एकाच उंचीवरच्या पाट्यांमुळे माझ्या हॉलमध्ये "सर, टॉयलेट कुठे?" हा प्रश्न डोळस लोकांकडूनही कमी झाला.

पाटीबरोबर स्टाफलाही दोन वाक्यं शिकवा. हात धरून ओढायचं नाही, आधी विचारायचं, "मदत करू का?" आणि "तिकडे आहे" असं हात करून सांगायचं नाही. "उजवीकडे पाच पावलं, मग डावीकडे दार" असं सांगायचं.

त्या मुलाचं काय झालं?

फोनवर मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या सर, पाट्या नीट करा." मी म्हटलं, "तूच तपासून दे." तो आला, दोन तास सगळी इमारत हाताने वाचली. टॉयलेटच्या पट्ट्या अदलाबदल झालेल्या, हॉलच्या नावाचा कचरा, आणि लिफ्टमध्ये एक पट्टी उलटी. म्हणजे माझ्या 'अभिमानाच्या' पाट्यांपैकी निम्म्या चुकीच्या.

त्याच बॅचमध्ये बिल कसं बनवायचं हे आम्ही शिकवत होतो. शेवटच्या दिवशी त्याने मोबाईलवर बनवलेलं त्याचं पहिलं बिल मला पाठवलं: 'पाट्या तपासणी, दोन तास.' मी त्याच दिवशी पैसे दिले. आता हॉलमध्ये कुठलीही नवीन पाटी लागली की तो येऊन बघतो, आणि त्याने ठीक आहे म्हटल्याशिवाय मी फोटो काढत नाही.

तर आज एवढंच करा. संध्याकाळी दुकान बंद करताना तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये जा आणि बटणांच्या शेजारचे ठिपके बघा. अंकाआधीच्या घरात उजवीकडची ओळ भरलेली आहे का? नसेल तर उद्या सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्या.

पुढच्या व्हिडिओत रॅम्पचा उतार आणि काउंटरची उंची यावर बोलू. तोपर्यंत, धंदा सांभाळा, माणसं सांभाळा. भेटूया.